सौरघटातल्या सिलिकॉन नॅनोवायरसाठी कथिलाचे थेंब कसे तयार करावेत

सिलिकॉन नॅनोवायरवर (काही दहा नॅनोमीटर जाडीच्या तारांवर) नव्याने काम करणारा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून सायलेन या सिलिकॉनयुक्त वायूचा प्रवाह, दाब आणि वाढीचा वेळ यांत गुंततो. तारा वाकड्यातिकड्या आल्या की प्रवाह बदलतो, आखूड आल्या की वेळ वाढवतो. दोष बहुतेकदा तिथे नसतोच. तार कुठे उगवणार, किती जाड होणार आणि शेजारच्या तारेपासून किती अंतरावर उभी राहणार, हे सायलेनचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी काचेवर बसलेल्या धातूच्या थेंबांनी ठरवून टाकलेले असते.

मूळ कल्पना १९६४ सालची, बेल लॅब्समधल्या वॅग्नर आणि एलिस यांची. सिलिकॉन असलेला वायू धातूच्या वितळलेल्या थेंबावर येतो, सिलिकॉन थेंबात विरघळते, थेंब तृप्त झाला की ते खालच्या बाजूने घन होऊन बाहेर पडते आणि थेंब डोक्यावर घेऊन तार वाढत जाते. त्यांनी सोने वापरले होते. आजही पाठ्यपुस्तकांत सोनेच दिसते, कारण सोने हवेत गंजत नाही आणि सिलिकॉनबरोबर ३६३ अंश सेल्सिअसलाच वितळते. हाताळायला याहून सोपा धातू नाही.

सौरघटासाठी मात्र सोने नको, असे माझे स्पष्ट मत आहे. सिलिकॉनमध्ये शिरलेला सोन्याचा अणू पट्ट-अंतराच्या (एरवी इलेक्ट्रॉनला जागा नसलेल्या ऊर्जापट्ट्याच्या) जवळजवळ मध्यावर ऊर्जापातळी तयार करतो, आणि प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) तिथे एकमेकांना भेटून संपतात. तांब्याचा पर्याय अमेरिकेत कॅलटेकच्या गटाने चांगला वापरला, पण त्यांच्या तारा मायक्रोमीटर जाडीच्या आणि वाढीचे तापमान १००० अंशांच्या आसपास; काच तिथे टिकत नाही. ॲल्युमिनियमचा सिलिकॉनबरोबरचा वितळणबिंदू ५७७ अंश, आणि हवेचा वारा लागला की त्यावर जो ऑक्साइड बसतो तो काढता काढता नाकी नऊ येतात.

राहते कथील. ते २३२ अंशांना वितळते. आवर्तसारणीत ते सिलिकॉनच्याच गटात आहे, त्यामुळे स्फटिकात थोडे शिरले तरी सोन्यासारखा सापळा तयार होत नाही. पॅरिसजवळच्या पालेझो इथल्या एकोल पॉलिटेक्निकमधल्या एलपीआयसीएम या प्रयोगशाळेने कथील आणि प्लाझ्मा (विजेने आयनीभूत केलेला वायू) यांची जोडी जमवून काचेवर त्रिज्य जोडणीचे सौरघट तयार केले आणि ८ टक्क्यांच्या पुढची कार्यक्षमता मिळवली. पुढे दिलेली पद्धत त्याच घराण्यातली आहे.

कथिलाच्या दोन खोडी आधीच माहीत असाव्यात. एक, त्यात सिलिकॉन अगदी नगण्य विरघळते आणि सायलेनचे रेणू फोडायला ते फारशी मदत करत नाही. म्हणून ते फोडण्याचे काम प्लाझ्माला करावे लागते. दुसरी, वितळलेल्या कथिलाचा पृष्ठताण सोन्याच्या साधारण निम्मा. थेंब तारेच्या डोक्यावर स्थिर बसायला कुरकुरतो, बाजूने घसरतो, आणि मग तार मध्येच वळते किंवा मरते.

आधी हिशेब, मग बाष्पीभवन

त्रिज्य जोडणी म्हणजे मधोमध सिलिकॉनची बारीक तार आणि तिच्याभोवती अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या) सिलिकॉनचे थर. गाभा ४० नॅनोमीटरचा धरा, भोवती सगळ्या बाजूंनी सुमारे १०० नॅनोमीटर अमॉर्फस सिलिकॉन, त्यावर पारदर्शक वाहक ऑक्साइड. एका तारेचा एकूण व्यास होतो ३०० ते ३५० नॅनोमीटर. म्हणजे दोन तारांच्या मध्यांत ४०० ते ५०० नॅनोमीटर अंतर हवे, आणि एका चौरस सेंटिमीटरला साधारण ४० ते ६० कोटी तारा. यापेक्षा दाट झाल्या तर थर एकमेकांत मिसळतात, फटी बुजतात आणि शेवटी वर एक खडबडीत चादर उरते. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) दाट गवतासारख्या तारांचा फोटो सुंदर दिसतो, गाइडही खूश होतात, पण त्याचा घट चांगला होत नाही.

आता कथील किती लागेल ते पाहा. थेंब अर्धगोल मानला, तर पातळ थराची जाडी म्हणजे थेंबांची घनता गुणिले एका थेंबाचे आकारमान, आणि अर्धगोलाचे आकारमान म्हणजे दोन-तृतीयांश पाय गुणिले त्रिज्येचा घन. १ नॅनोमीटर जाडीचा थर २० नॅनोमीटर व्यासाच्या थेंबांत फुटला, तर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४८०० कोटी थेंब होतात. तेच कथील ५० नॅनोमीटरच्या थेंबांत गोळा झाले, तर फक्त ३०० कोटी. त्रिज्येचा घन असल्यामुळे आकार अडीचपट झाला की संख्या सोळापट घसरते. थेंब अर्धगोलापेक्षा जास्त गोल असेल तर आकडे आणखी कमी होतील, फार तर निम्मे. अंदाजाला एवढे पुरते.

उलट बाजूने पाहिले, तर ५० नॅनोमीटरचे ५० कोटी थेंब हवे असतील तर कथील फक्त ०.१६ नॅनोमीटर पुरायला हवे. मग लोक १ नॅनोमीटरच्या आसपास का टाकतात? कारण इतका पातळ थर टाकला की थेंबांची संख्या घटत नाही, थेंबच बारीक होतात. फार बारीक थेंबातून तार निघत नाही: पृष्ठभाग जितका वक्र, तितके सिलिकॉनला आत राहणे अवघड, म्हणून काही नॅनोमीटरचे थेंब तसेच बसून राहतात. शिवाय प्लाझ्मात आणि वाढीच्या सुरुवातीला थेंब एकमेकांत विलीन होतात, काही आडवे पळतात. ढोबळमानाने ध्यानात ठेवायचे ते असे: जाडीने आकार ठरतो, आणि संख्या तापमान व प्लाझ्माच्या वेळेने ठरते. फक्त जाडी बदलत बसणाऱ्यांना घनता कधीच हातात येत नाही.

काच आणि तिच्यावरचा थर

ॲल्युमिनियम मिसळलेल्या झिंक ऑक्साइडचा थर असलेली काच घ्यावी. आयटीओ (इंडियम-कथील ऑक्साइड) किंवा एफटीओ (फ्लोरिन मिसळलेले कथील ऑक्साइड) स्वस्तात आणि सहज मिळतात, पण पुढे येणाऱ्या हायड्रोजन प्लाझ्मात ते स्वतःच क्षपित होतात, म्हणजे ऑक्सिजन गमावतात. पृष्ठभागावर इंडियमचे किंवा कथिलाचे थेंब तयार होतात आणि काच तपकिरी पडते. हा गुण वापरून उत्प्रेरक (तार उगवणारा धातू) वेगळा न टाकताही तारा वाढवता येतात आणि तसे केलेही गेले आहे. पण मग किती धातू मोकळा झाला, हे तुमच्या ताब्यात राहत नाही. झिंक ऑक्साइड हायड्रोजनला जास्त दाद देत नाही.

धुताना सावध. सिलिकॉन वेफर धुण्याची सवय असलेले हात आपोआप पिरान्हा, आरसीए किंवा एचएफ (हायड्रोफ्लोरिक आम्ल) अशा तीव्र आम्ल-अल्कलींच्या धुण्याकडे वळतात. झिंक ऑक्साइड आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही. म्हणून ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग डीआय (आयनमुक्त) पाणी, प्रत्येकात अल्ट्रासॉनिक बाथमध्ये पाच-दहा मिनिटे. नायट्रोजनने वाळवा आणि १२० अंशांवर हॉटप्लेटवर पंधरा मिनिटे ठेवा. यूव्ही-ओझोनची सोय असेल तर शेवटी दहा मिनिटे. ॲसिटोन काचेवर वाळू देऊ नका. त्याचा डाग राहिला की तिथे थेंबांचे वेगळेच नक्षीकाम दिसते.

कथील टाकणे

थर्मल इव्हॅपोरेटर पुरतो. मॉलिब्डेनमची बोट (धातू तापवण्याची छोटी पन्हळ) आणि ९९.९९ टक्क्यांहून शुद्ध कथिलाचे दाणे घ्या. सोल्डरची तार वापरायचा मोह होईल, पण तीत शिसे, तांबे किंवा चांदी आणि फ्लक्स असतो. बोट आधी रिकामी, मग कथिलासह, शटर बंद ठेवून तापवून घ्या. कथील २३२ अंशांना वितळत असले तरी त्याची पुरेशी वाफ व्हायला १००० अंशांच्या आसपास जावे लागते. त्यामुळे बोटीत चकाकती गोळी दिसली म्हणजे बाष्पीभवन सुरू झाले असे नाही. व्हॅक्यूम १० चा उणे सहावा घात मिलिबार किंवा त्याहून चांगला हवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत चेंबर उघडा राहिला की भिंती पाणी धरतात आणि पंपाला त्या दाबापर्यंत पोहोचायला दुप्पट वेळ लागतो. घाई करून वाईट व्हॅक्यूममध्ये टाकलेले कथील वाटेतच अर्धवट ऑक्साइड झालेले असते.

दर सेकंदाला ०.०१ ते ०.०२ नॅनोमीटर एवढाच ठेवा. १ नॅनोमीटरला मिनिट-दीड मिनिट लागेल, म्हणजे शटर उघडण्या-मिटण्यातला सेकंदभराचा फरक अंगाशी येत नाही. काच तापवू नका.

क्वार्ट्झ क्रिस्टल मॉनिटरवर घनता ७.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर भरा. मॉनिटर क्रिस्टलवर बसलेले वस्तुमान मोजतो, काचेवरचे नाही. दोघांच्या जागा वेगळ्या असल्याने टूलिंग फॅक्टर (काचेवरची आणि मॉनिटरवरची जाडी यांचे गुणोत्तर) काढावाच लागतो. त्यासाठी एका काचेवर अर्ध्या भागाला टेप लावून जाड थर टाका, २०० नॅनोमीटरचा वगैरे, आणि प्रोफायलोमीटरने पायरीची उंची मोजा. कथिलाचा जाड थर फार खडबडीत येतो, म्हणून लांब स्कॅन घेऊन सरासरी काढा. एखाद्याच ठिकाणची उंची धरली तर फॅक्टर हमखास चुकतो. १ नॅनोमीटरच्या बाबतीत ‘थर’ हा शब्दही तसा नावापुरताच आहे, कारण कथील काचेवर उतरतानाच बेटे करून बसते. आपण बोलतो ती सरासरी जाडी. डोळ्यांना काच कोरीच दिसते.

सुरुवातीला एकाच काचेवर पायऱ्या करून घेणे सगळ्यात किफायतशीर. सरकते शटर असेल तर ०.५, १, २ आणि ४ नॅनोमीटरच्या चार पट्ट्या एका फेरीत टाकता येतात, आणि पुढचा प्लाझ्मा चौघींना अगदी सारखा मिळतो. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या चार नमुन्यांपेक्षा ही एक काच जास्त शिकवते.

कथील टाकलेली काच डेसिकेटरमध्ये (ओलावा न येणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी प्लाझ्मात न्या. काही नॅनोमीटरच्या बेटांवर हवेत ऑक्साइड चढतोच. तो नंतर काढायचाच आहे, पण किती चढला हे दर वेळी सारखे राहिले तर निकालही सारखे येतात.

हायड्रोजन प्लाझ्मा: सगळा खेळ इथे

कल्हईवाला तापलेल्या भांड्यात कथील फिरवण्याआधी नवसागराची चिमूट टाकतो. पांढरा धूर निघतो, धातूवरचा ऑक्साइड सुटतो आणि मगच कथील धरते. आपल्याकडे नवसागराचे काम हायड्रोजनचे अणू करतात. फरक असा की कल्हईत कथील पसरायला हवे असते, इथे आकसून गोळा व्हायला हवे. ऑक्साइडची साल असेपर्यंत आतले कथील वितळले तरी बेटाचा वेडावाकडा आकार सुटत नाही. साल गेली की पृष्ठताण आपले काम करतो आणि थेंब गोल होतो.

पीईसीव्हीडी चेंबरमध्ये (प्लाझ्माच्या मदतीने वायूतून थर चढवणाऱ्या यंत्रात) काच ठेवून रात्रभर किंवा निदान काही तास पंप करा. तापमान वाढवताना हायड्रोजन सोडून ठेवायला हरकत नाही, प्लाझ्मा मात्र तापमान स्थिर झाल्यावरच पेटवा. १३.५६ मेगाहर्ट्झ, दाब अर्धा ते एक टॉर, हायड्रोजन १०० एससीसीएमच्या (मिनिटाला प्रमाणित घन सेंटिमीटर) आसपास, शक्ती दर चौरस सेंटिमीटरला काही दहा मिलिवॅट, वेळ १ ते ५ मिनिटे. हे आकडे सुरुवातीचे आहेत, तुमच्या रिॲक्टरवर जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. काचेचे तापमान २३२ च्या वर हवे हे उघड आहे. वाढ ४०० अंशांच्या आसपास करायची असेल तर प्लाझ्माही तिथेच देणे सोयीचे, नाहीतर मधल्या वाट पाहण्यात थेंब आपसांत मिसळत राहतात.

हीटरवर दिसणारे तापमान म्हणजे काचेचे तापमान नव्हे. कमी दाबात काचेला उष्णता पोहोचायला वेळ लागतो आणि फरक सहज काही दहा अंशांचा असतो. एका फालतू काचेवर बारीक थर्मोकपल चिकटवून एकदा तक्ता करून घ्या: हीटर किती, काच किती, स्थिर व्हायला किती मिनिटे. हा तक्ता भिंतीवर लावा.

वेळ कमी पडला तर साल राहते आणि बरेच थेंब वाढीला निकामी ठरतात. वेळ जास्त झाला तर दोन गोष्टी एकदम घडतात. थेंब एकत्र येऊन मोठे आणि विरळ होतात, जे एका मर्यादेपर्यंत आपल्याला हवेच आहे. पण त्याच वेळी हायड्रोजनचे अणू कथिलाशी जोडून स्टॅनेन नावाचा वायू करतात आणि कथील चक्क उडून जाते. म्हणून घनता कमी करण्यासाठी प्लाझ्मा लांबवण्यापेक्षा आधी थोडे जास्त कथील टाकून तापमान वीस-तीस अंश वाढवून पाहावे, असे मी सुचवीन.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चेंबरच्या भिंतींवर आधीच्या प्रयोगातले अमॉर्फस सिलिकॉन असते. हायड्रोजन प्लाझ्मा ते खरवडतो आणि सायलेन बंद असतानाही थोडे सिलिकॉन तुमच्या थेंबांपर्यंत आणतो. काही थेंबांतून तारा लवकर निघतात, बाकीचे मागे राहतात आणि लांबीत प्रचंड तफावत येते. भिंतींवर फॉस्फरस किंवा बोरॉन असेल तर तेही गाभ्यात उतरते. चेंबर प्लाझ्माने साफ करण्याची सोय असेल तर आधी साफ करा. नसेल तर निदान तुमच्या आधी कोणी काय वाढवले हे लॉगबुकात पाहा आणि दर वेळी आधी तोच थर देऊन भिंती एका ठरावीक अवस्थेत आणा.

प्लाझ्मा संपला की हवा लागू न देता त्याच चेंबरमध्ये सायलेन सोडायचे. मध्ये चेंबर उघडला की साल परत चढली, आणि पहिल्यापासून सुरुवात.

थेंब मोजणे

एसईएमसाठी वेगळी जोडकाच ठेवा, जी प्लाझ्मानंतर थंड करून बाहेर काढायची. झिंक ऑक्साइड वाहक असल्यामुळे काच असूनही चार्जिंग फारसे होत नाही, पण वरचा थर स्टबला (नमुना बसवण्याच्या धातूच्या खुंटीला) कार्बन टेपने जोडायला विसरू नका. ३ ते ५ किलोव्होल्ट पुरतात. जास्त दिले तर किरण खोल जातो आणि बारीक थेंब पुसट दिसतात. काचेच्या पाच वेगळ्या जागांचे फोटो घ्या आणि इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये थ्रेशोल्ड (उजेड-काळोखाची सीमा) लावून कण मोजा. चिकटलेले दोन थेंब सॉफ्टवेअर एक धरते, म्हणून हाताने काही भाग मोजून ताळा करा. बाहेर काढल्यावर ऑक्साइड चढल्याने व्यास किंचित जास्त दिसतो.

सरासरी व्यासावर थांबू नका, आलेख काढा. एक शिखर आले तर उत्तम. दोन शिखरे, एक १० आणि एक ५० नॅनोमीटरला, दिसली तर विलीन होणे अर्ध्यावर थांबले आहे. तापमान थोडे वाढवा. थेंब ओळीत किंवा झिंक ऑक्साइडच्या कणांच्या कडांवर बसलेले दिसले तर तो खालच्या थराचा खडबडीतपणा आहे, तुमच्या प्लाझ्माचा दोष नाही.

थेंबांची संख्या म्हणजे तारांची संख्या नव्हे, म्हणून याच्या जोडीला एक छोटी वाढ करावीच. सायलेन फक्त मिनिटभर, मग थंड करून पुन्हा एसईएम. किती थेंबांना खाली बुंधा आला ते मोजा आणि हे प्रमाण प्रत्येक बॅचसोबत लिहून ठेवा. पुढे काही बिघडले की पहिल्यांदा याच आकड्याकडे पाहायचे. तारा वाढल्या की काच डोळ्यांदेखत तपकिरी-काळी होते. काच काळी झाली, पण एसईएममध्ये तारांऐवजी फुलकोबीसारखे गड्डे दिसले, तर थेंबांना सिलिकॉन फार लवकर फार मिळाले किंवा साल नीट निघाली नव्हती. आधी प्लाझ्माचा वेळ वाढवून पाहा, मग सायलेनला हात लावा.

डोक्यावर उरलेले कथील

तार वाढताना कथील थोडे थोडे बाजूंवर उरते, थेंब बारीक होत जातो आणि तार वर निमुळती होते. गाभा १ ते २ मायक्रोमीटर लांब झाला की थांबायचे असते, तेव्हा टोकाला कथिलाचा मणी शिल्लक असतो. वेफरवर हे विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुता येते. झिंक ऑक्साइडवर ते आम्ल म्हणजे खालचा संपर्कच गेला. तिथे स्टॅनेनची तीच प्रक्रिया उपयोगी पडते: तापमान उतरवून थोडा हायड्रोजन प्लाझ्मा दिला की बराच मणी उडतो, आणि मग अमॉर्फस सिलिकॉनचा थर चढवता येतो.

सुरक्षितता आणि सोय

सायलेन हवेत स्वतःहून पेटते आणि कधी कधी पेटायला उशीर करून मग स्फोट होतो. गॅस डिटेक्टर, नायट्रोजनने केलेली लाइनची सफाई आणि चालू असलेला स्क्रबर (बाहेर जाणारा वायू निर्धोक करणारे यंत्र) यांपैकी एकही बंद असेल तर प्रयोग त्या दिवशी होणार नाही. स्टॅनेन विषारी आहे, पंपाच्या एक्झॉस्टची वाट खोलीत नसावी. वेफरवर काम करून एचएफ वापरणार असाल तर एचएफच्या भाजण्यावर लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवे आणि प्रयोगशाळेत दुसरा माणूस हवा.

कॉलेजात पीईसीव्हीडी नसणे ही बहुतेकांची परिस्थिती. पवईच्या आयआयटी मुंबईत आणि बंगळुरूच्या आयआयएससीत इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रामखाली बाहेरच्या संशोधकांना सुविधा वापरता येतात. प्रस्ताव लिहिताना एक अडचण आधी विचारून घ्या: कथील हा कमी तापमानाला वितळणारा धातू असल्यामुळे अनेक सामायिक चेंबरमध्ये त्याला प्रवेश नसतो. कोणत्या इव्हॅपोरेटरमध्ये आणि कोणत्या प्लाझ्मा चेंबरमध्ये कथील चालते, हे लेखी घेतल्याशिवाय काचा कापायला सुरुवात करू नका.